पहाटे चार वाजताचा गणित विभाग

आधी एक प्रश्न विचारते. तुमच्या शाळेतल्या संगणक कक्षाची किल्ली कुणाकडे असते?

मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे ती लिपिकांच्या ड्रॉवरमध्ये असायची. पाच संगणक होते. त्यांच्यावर मापानं शिवून घेतलेली कापडी झाकणं होती आणि ती निघायची फक्त तपासणीच्या दिवशी. कारण एकच सांगितलं जायचं, ‘मुलं बिघडवतील’. आठवीतल्या एका मुलीनं मला एकदा विचारलं होतं, "बाई, ते खरंच चालतात का हो?" मला धड उत्तर देता आलं नाही. (मीही ती किल्ली कधी हट्टानं मागितली नाही, हेही सांगून टाकते.)

आज हे आठवायचं कारण असं, की साठेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या गणित विभागापुढे अगदी हाच किल्लीचा प्रश्न आला होता. तेव्हा संगणक म्हणजे खोलीभर यंत्र, किंमत लाखो डॉलर. त्याला हात लावायची परवानगी मोजक्या तज्ज्ञांना. आणि या विभागानं ठरवलं, की कॉलेजातल्या प्रत्येक मुलाला तो वापरता आला पाहिजे. इतिहास, साहित्य शिकणाऱ्यालासुद्धा. त्या ठरावातून बेसिक ही भाषा जन्माला आली. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत किंवा कोर्सला शिकलेली पहिली संगणकभाषा हीच.

कॉलेजचं नाव डार्टमथ. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हॅनोव्हर या लहानशा गावातलं. गणित विभागात १९५३ साली जॉन केमेनी नावाचे तरुण प्राध्यापक आले. जन्म १९२६ चा, बुडापेस्टचा. हिटलरच्या भीतीनं त्यांचं ज्यू कुटुंब १९४० मध्ये न्यूयॉर्कला आलं. विशीच्या आत असतानाच त्यांनी लॉस अलामोसला अणुबॉम्बच्या प्रकल्पात आकडेमोडीचं काम केलं आणि पुढे प्रिन्स्टनला ते काही काळ आइनस्टाइन यांचे गणितातले सहायक होते. १९५६ मध्ये थॉमस कर्ट्झ आले, ते संख्याशास्त्राचे. स्वभावानं शांत, नेटके. दोघांची जोडी छान जमली. याच विभागात तेव्हा जॉन मॅकार्थीही होते. ज्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ची आज घरोघरी चर्चा चालते त्या विषयाची पहिली मोठी बैठक १९५६ च्या उन्हाळ्यात इथेच, डार्टमथला भरली. ते नाव मॅकार्थींनीच सुचवलेलं. पण तो विषय आज नको, नाहीतर लेख तिकडेच जाईल.

तर विभागात हुशार माणसं होती, पण संगणक नव्हता. सर्वांत जवळचा उपलब्ध संगणक बॉस्टनजवळ एमआयटीत, दोनशेहून अधिक किलोमीटर दूर. कर्ट्झ दर पंधरवड्याला छिद्रं पाडलेल्या कार्डांची पेटी घेऊन सकाळच्या गाडीनं तिकडे जायचे. कार्डं तिथल्या माणसांच्या हवाली करायची, यंत्रात जाईपर्यंत थांबायचं आणि संध्याकाळी छापील कागद घेऊन परतायचं. एखादं कार्ड चुकलं असेल तर कागदावर फक्त चूक छापून यायची. दुरुस्ती पुढच्या खेपेला, म्हणजे पंधरा दिवसांनी.

तुम्ही गणित शिकवत असाल तर कल्पना करून बघा. मुलानं उदाहरण सोडवलं, तुम्ही वही घेतली, आणि ‘तिसऱ्या ओळीत चूक आहे’ हे त्याला पंधरा दिवसांनी सांगितलं. तो काय शिकेल?

कर्ट्झ यांचा त्या काळातला एक अनुभव मला फार आवडतो. जाणकारांनी त्यांना सांगितलं होतं, की संगणकाचा वेळ महाग, तेव्हा यंत्राच्या जवळची अवघड भाषा वापरा, तीच काटकसरीची. त्यांनी तसं केलं. कित्येक महिने गेले, यंत्राचा जवळपास तासभर वेळ खर्च झाला आणि प्रोग्रॅम काही चालेना. शेवटी त्यांनी फोरट्रान ही तुलनेनं सोपी भाषा घेतली, तर पाचेक मिनिटांच्या यंत्रवेळेत उत्तर हातात. माणसाला सोपी ती भाषा एकूण हिशेबात यंत्रालाही स्वस्त पडते, हे त्यांनी तेव्हाच मनाशी टिपून ठेवलं असणार.

१९५९ मध्ये विभागात एक छोटा संगणक आला, एलजीपी-३० नावाचा. छोटा म्हणजे मोठ्या टेबलाएवढा. प्राध्यापकांनी एक धाडस केलं. तो पदवीच्या विद्यार्थ्यांच्या हाती दिला. मुलांनी काय करावं? त्या चिमुकल्या यंत्रासाठी त्यांनी अल्गोल या भाषेची स्वतःची आवृत्ती लिहिली. असली कामं तेव्हा कंपन्यांमधले अनुभवी लोक करत. विशीच्या आतबाहेरची मुलं रात्र रात्र जागून ती करून दाखवतात हे केमेनी आणि कर्ट्झ यांनी डोळ्यांनी पाहिलं. पुढचं सगळं या एका निरीक्षणावर उभं आहे.

आता त्यांच्यासमोर खरा पेच होता. डार्टमथचे साधारण पाऊण विद्यार्थी विज्ञान-अभियांत्रिकीचे नव्हतेच. पण उद्या सरकारात, उद्योगांत निर्णय घेणारे बहुतेक याच पाऊण हिश्शातून येणार. त्यांना संगणक म्हणजे काय हे कळलंच नाही तर निर्णय कसले घेणार? फळ्यावर संगणकाची आकृती काढून व्याख्यान द्यायचं, हा मार्ग कर्ट्झना मुळीच पटत नव्हता. गाडी चालवण्यावर भाषण देऊन कुणी ड्रायव्हर होतो का, असा त्यांचा रोख होता. प्रत्येकानं स्वतः प्रोग्रॅम लिहायचा, चुकायचं, सुधारायचं. पण यंत्र एक आणि मुलं शेकड्यांनी. रांग लावली तर वर्ष पुरणार नाही.

तोडगा मॅकार्थींनी सुचवला. ते तोवर एमआयटीत गेले होते. तोडग्याचं नाव ‘टाइम शेअरिंग’. हे नीट समजून घेऊ, कारण आज तुमच्या हातातला मोबाइलसुद्धा मूळ याच युक्तीवर चालतो.

तुमच्यापैकी जे जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत आहेत त्यांना ही युक्ती सांगायलाच नको, तुम्ही ती रोज करता! पहिलीला अक्षरं गिरवायला दिली, दुसरीकडे वळलात. त्यांना दोन बेरजा घातल्या, तिसरीला पाढा म्हणायला लावला, तेवढ्यात पहिलीतला एक ‘बाई झालं’ म्हणून पाटी घेऊन उभा. तुम्ही एकच, पण कुणालाही बाई आपल्याकडे नाहीत असं वाटत नाही. संगणकाचंही तसंच. एका मुलाचं काम क्षणभर करायचं, अर्धवट ठेवायचं, दुसऱ्याचं घ्यायचं, मग तिसऱ्याचं, आणि फिरून पहिल्याकडे. यंत्र इतकं वेगवान, आणि माणूस बोटांनी टाइप करायला इतका सावकाश, की प्रत्येकाला वाटतं संगणक फक्त माझाच आहे.

पण यानं एकूण काम लवकर कसं होईल, असा प्रश्न मला सुरुवातीला पडला होता. एकूण काम लवकर होतच नाही! फायदा वेगळाच आहे, तो आकड्यांत बघा. समजा पाच कामं आली आहेत. पहिलं ६० सेकंदांचं, बाकीची चार प्रत्येकी २ सेकंदांची. रांगेनं केली तर मोठं काम ६० व्या सेकंदाला संपेल आणि छोटी चार ६२, ६४, ६६, ६८ व्या सेकंदाला. आता आळीपाळीनं, प्रत्येकाला एकेक सेकंद देऊन करा. पहिली फेरी ५ सेकंदांत झाली. दुसऱ्या फेरीत मोठ्या कामाला सहावा सेकंद मिळाला आणि छोटी चार ७, ८, ९, १० व्या सेकंदाला संपलीसुद्धा. मोठं काम ६० ऐवजी ६८ व्या सेकंदाला संपलं. (काम बदलताना थोडा वेळ जातो, तो मी सोयीसाठी सोडून दिला आहे.) एकाला आठ सेकंद उशीर, आणि चौघांची प्रत्येकी अठ्ठावन-पंचावन सेकंदांची वाट वाचली. विद्यार्थ्यांचे प्रोग्रॅम छोटेच असतात. म्हणजे ही सगळी व्यवस्था शिकणाऱ्याच्या बाजूनं झुकलेली आहे. पुढे केमेनी आणि कर्ट्झ यांनी लिहिलं, की उत्तर यायला सरासरी दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर ‘हा संगणक माझा आहे’ हा भास मोडतो.

पैसे हवे होते. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे अर्ज गेला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं, की यंत्रणेचं प्रोग्रॅमिंग पदवीचे विद्यार्थी करतील. अर्ज तपासणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या. जे काम मोठमोठ्या प्रयोगशाळांना जड जात होतं ते ही कॉलेजची पोरं करणार? तरीही अनुदान मिळालं, सुमारे ३,००,००० डॉलर.

१९६४ च्या सुरुवातीला जनरल इलेक्ट्रिक कंपनीची यंत्रं कॉलेज हॉल या इमारतीच्या तळघरात आली. जीई-२२५ हा हिशेब करणारा, आणि डेटानेट-३० हा दारावर बसून निरनिराळ्या टेलिटाइपवरून येणारा मजकूर घेणारा, कुणाची पाळी ते ठरवणारा. टेलिटाइप म्हणजे तारेनं जोडलेला टाइपरायटर समजा. पडदा नव्हता, सगळं कागदावर उमटायचं. ही दोन यंत्रं एकमेकांशी कशी बोलतील याची यंत्रणा माइक बुश आणि जॉन मॅकगीची या दोन विद्यार्थ्यांनी मुख्यतः उभी केली. भाषेचा कंपायलर, म्हणजे मुलांनी लिहिलेलं यंत्राच्या बोलीत आणणारा प्रोग्रॅम, केमेनींनी १९६३ पासूनच लिहायला घेतला होता. मोठे प्राध्यापक आणि विद्यार्थी एकाच खोलीत, एकाच यंत्रावर पाळी लावून काम करत होते. दिवसा प्राध्यापक तास घेणार, मुलं तासाला बसणार. मग उरते ती रात्रच.

१ मे १९६४, पहाटेचे चार. केमेनी आणि एक विद्यार्थी दोन टेलिटाइपवर बसले. दोघांनी आपापला बेसिक प्रोग्रॅम एकाच वेळी चालवला. दोन्ही कागदांवर बरोबर उत्तरं उमटली. (आपल्याकडे तेव्हा महाराष्ट्र दिनाची दुपार होती. राज्याला बरोबर चार वर्षं झाली होती. सामान्यज्ञानाच्या तासाला तारीख लक्षात ठेवायला बरी.)

आता या भाषेकडे शिक्षकाच्या नजरेनं बघा, कारण ती शिकवणाऱ्यांनी बनवली आहे हे तिच्या अंगोपांगी दिसतं. ओळींचे शब्द मी देवनागरीत देते :

१० फॉर एन = १ टू १०
२० प्रिंट एन, एन * एन
३० नेक्स्ट एन
४० एंड

एक ते दहापर्यंतच्या संख्या आणि त्यांचे वर्ग, चार ओळींत. ज्याला इंग्रजी येतं तो न शिकताही अंदाज करू शकतो. प्रत्येक ओळ एका साध्या शब्दानं सुरू व्हायची. एखाद्या अक्षराला किंमत द्यायची तर आधी ‘लेट’ लिहावंच लागे, म्हणजे आपण भूमितीत म्हणतो ना, ‘समजा क्ष = ५’, त्यातलं ‘समजा’. पूर्णांक आणि दशांश यांचे वेगळे प्रकार नवख्याला घाबरवतात, म्हणून ते ठेवलेच नाहीत. संख्या ती संख्या. यंत्र वापरायला सुरुवात करताना टाइप करायचं ‘हॅलो’ आणि उठताना ‘गुडबाय’. जुना प्रोग्रॅम हवा तर ‘ओल्ड’, नवा तर ‘न्यू’, चालवायचा तर ‘रन’.

ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक का, हे मुलं हमखास विचारतात. मधली जागा मुद्दाम मोकळी. मागाहून काही आठवलं तर २५ क्रमांकाची ओळ टाइप करायची, ती आपोआप २० आणि ३० च्या मध्ये जाऊन बसे. ओळ चुकली तर तोच क्रमांक देऊन पुन्हा लिहायची, जुनी पुसली जाई. खाडाखोड करणाऱ्याची इतकी काळजी घेणारी दुसरी वस्तू मी तरी पाहिली नाही. पाटी सोडून.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत पहिल्या वर्षाची मुलं शेकड्यानं टेलिटाइपवर येऊ लागली. वेगळा ‘संगणक विषय’ काढला नव्हता. गणिताच्या नेहमीच्या अभ्यासक्रमातच दोनेक व्याख्यानं, आणि मग चार प्रोग्रॅम स्वतः लिहून चालवून दाखवायचे. बस्स. शुल्क नाही, परवानगी नाही, कशासाठी वापरतोस हा प्रश्न नाही. केमेनी ग्रंथालयाचा दाखला देत. कपाटं उघडी, हवं ते पुस्तक काढा, कारण सांगायला नको. मग मुलांनी खेळही लिहिले. फुटबॉलचा एक खेळ तर खुद्द केमेनींनी लिहिला असं सांगतात. जवळपासच्या शाळांनाही पुढे टेलिफोनच्या तारेनं याच यंत्राशी जोडून घेतलं.

‘सगळ्यांसाठी’ म्हणताना एक गोष्ट लपवू नये. डार्टमथ तेव्हा फक्त मुलग्यांचं कॉलेज होतं. मुलींना पदवीसाठी प्रवेश १९७२ मध्ये मिळाला. तोवर केमेनी कॉलेजचे अध्यक्ष झाले होते (१९७० ते १९८१) आणि हा बदल त्यांच्याच कारकिर्दीत झाला. अध्यक्ष असतानाही ते गणिताचे तास घेत राहिले.

भाषेवर टीकाही झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. ‘गोटू’ ही आज्ञा वापरून वाटेल त्या ओळीवर उडी मारता येई, त्यामुळे मोठे प्रोग्रॅम गुंतवळासारखे होत. नेदरलँड्सचे एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९७५ मध्ये फार कडक शब्दांत सांगितलं, की बेसिक आधी शिकलेल्यांना चांगलं प्रोग्रॅमिंग शिकवणं जवळपास अशक्य. मला हे अति वाटतं. खुद्द केमेनी आणि कर्ट्झ यांनाही बाजारातल्या बेसिकच्या बिघडलेल्या आवृत्त्या आवडत नव्हत्या, म्हणून त्यांनी ऐंशीच्या दशकात ‘ट्रू बेसिक’ काढली. पण तोवर उशीर झाला होता. भाषा त्यांनी कुणाला बांधून ठेवली नव्हती, ती जगभर गेली होती.

कशी गेली ते बघा. जनरल इलेक्ट्रिकनं डार्टमथची ही व्यवस्था व्यापारी सेवा म्हणून बाहेर विकली. १९६८ मध्ये सिएटलच्या एका शाळेत अशाच सेवेला जोडलेला एक टेलिटाइप होता. त्यावर बसून बेसिक शिकलेल्या मुलांमध्ये बिल गेट्स आणि पॉल अॅलन होते. १९७५ मध्ये या दोघांनी अल्टेअर या छोट्या संगणकासाठी बेसिक लिहिली, आणि मायक्रोसॉफ्टची सुरुवात तिथून झाली. भारतात १९८४ मध्ये केंद्र सरकारनं शाळांसाठी ‘क्लास’ हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला. त्यात आलेल्या ब्रिटनच्या बीबीसी मायक्रो संगणकांवरही बेसिकच होती. नंतर जीडब्ल्यू बेसिक आली. माझ्या वयाच्या शिक्षकांना ‘१० सीएलएस’ ही ओळ झोपेतही आठवेल. केमेनी १९९२ मध्ये गेले, कर्ट्झ २०२४ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी. डार्टमथला आता संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि गणित विभाग ज्या इमारतीत आहे तिचं नाव केमेनी हॉल.

वर्गात घ्यायला एक खेळ देते. सहावीच्या वर्गात मी तो घेतला आहे, एक तास पुरतो आणि संगणक लागत नाही. एक मूल ‘संगणक’, ते फळ्याजवळ बसेल. एक ‘दारवान’, तो चिठ्ठ्या घेईल. पाच मुलांना एकेक चिठ्ठी. एकीवर तीसेक बेरजांची लांब यादी, बाकी चौघांवर दोन-दोन बेरजा. पहिल्या खेपेला रांगेनं करा, लांब यादी सर्वांत आधी. बाकी चौघांना किती वेळ थांबावं लागलं ते घड्याळात बघून फळ्यावर लिहा. दुसऱ्या खेपेला दारवान दर बेरजेनंतर चिठ्ठी बदलेल. पुन्हा वेळा लिहा. आकडे मुलांनाच काढू द्या, शक्यतो आधी काही सांगू नका. दारवान गोंधळला तर त्याला कुठपर्यंत झालं याची खूण करायला सुचवा. खऱ्या यंत्रालाही ती करावीच लागते.

आमच्याकडे संगणक झालेला मुलगा दुसऱ्या खेपेनंतर घाम पुसत म्हणाला, "बाई, काम तेवढंच होतं, पण या वेळी कुणी माझ्या नावानं ओरडलं नाही." लांब यादीवाली मुलगी मात्र चिडली होती. तिचं म्हणणं, माझं आधी आलं होतं तर आधी का नाही झालं? त्यावर वर्गात जी भांडणं झाली त्यात पुढचा तासही गेला.